कागद चोख, ताट परक्या गावचं : प्रस्ताव लिहून देणाऱ्या सेवेचा अनुभव

आमच्या पाळणाघराचा निधीचा प्रस्ताव ज्यांनी लिहून दिला, गेल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, तेवढा रिव्ह्यू टाका ना. पाच स्टार दिले तर पुढच्या प्रस्तावाला दोन हजार कमी करू." मी म्हटलं, टाकते. टाकतेय, पण तीनच. आणि त्यांच्या पानावर नाही, इथे, नाव न घेता. मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही. माझ्यासारख्या ज्या बाया तालुक्याच्या गावी छोटी संस्था चालवतात आणि "सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) मिळतो म्हणे" असं ऐकून जळगाव-धुळ्याच्या चकरा मारतात, त्यांच्यासाठी हे आहे.

आमचं पाळणाघर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मुलं ४४, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची. निम्मी सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मळ्यात राबणाऱ्या, डोंगरातून नाहीतर मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडून आलेल्या पावरा-बारेला कुटुंबांतली. बाकीची गावातल्या मजूर बायांची. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी साडेसातला पिकअपमध्ये बसतात, त्या दिवेलागणीला परततात. गावात अंगणवाडी आहे, चांगली चालते, सेविका माझी मैत्रीण आहे. पण ती दुपारपर्यंत. पुढच्या तासांत आणि तीन वर्षांखालच्या पोरांना सांभाळतं कोण? आठ-नऊ वर्षांची बहीण, शाळा बुडवून. म्हणून हे पाळणाघर. तीन वर्षं आम्ही ते वर्गणीवर आणि माझ्या मिस्टरांच्या पेन्शनीवर ओढलं. मग पेन्शन पुरेना, तेव्हा पोषण आणि आरोग्याचा एक नीट प्रकल्प करून कंपनीकडे मागावा असं ठरलं.

या सेवेची फी ३०,००० रुपये. निम्मे सुरुवातीला, निम्मे प्रस्ताव दाखल झाल्यावर. एक गोष्ट आधीच सांगते, त्यांनी टक्केवारी मागितली नाही. आमच्या ओळखीतल्या एका संस्थेकडे दुसऱ्या कुणी मंजूर रकमेच्या दहा टक्के मागितले होते. मुलांच्या खाऊच्या पैशातून दलाली द्यायची असेल तर मी पाळणाघर बंद करेन. तेव्हा या बाबतीत यांना पूर्ण मार्क.

कागदपत्रांतही पूर्ण मार्क. खरं तर तीन स्टार मिळालेत ते यासाठीच. आमच्याकडे संस्थेची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे ऑडिट एवढं होतं, पण पिशवीत. तिथल्या पोराने, असेल पंचवीस-सव्वीसचा, एका दुपारी सगळं जमिनीवर मांडलं आणि काय नाही ते सांगितलं. १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या होत्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक होता, सीएसआर-१ ही नोंदणी नव्हती. १ एप्रिल २०२१ पासून त्या नोंदणीशिवाय कुठलीही कंपनी संस्थेला सीएसआरचं काम देऊ शकत नाही, हे मला तिथे कळलं. आमच्यासारख्या बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, हेही. आमची तीन वर्षं जेमतेम भरत होती. त्याने पहिल्या दिवसापासूनची हजेरीवही मागितली आणि तिची पानं स्कॅन करून जोडली. मला वाटलं होतं त्या वहीवर फक्त दुधाचे डाग आहेत.

आणखी एक गोष्ट त्याने सोडवून दिली. "संस्थेने प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर दाखवायचा नसतो" असं आम्हाला कुणीकुणी सांगून घाबरवून ठेवलं होतं. त्याने नियम उघडून दाखवला. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पात पोरं सांभाळणारी बाई, स्वयंपाकीण, हिशेब ठेवणारा, हा प्रकल्पाचाच खर्च. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे आम्ही आमच्या मदतनीस बाईला तीन वर्षं "मानधन" म्हणून काय देत होतो ते लिहायची लाज वाटते.

केळ्यांचंही त्यानेच सुचवलं. आमच्याकडे घड कापून गाडी भरली की बारक्या, डागी फण्या बांधावर राहतात. शेतकरी आम्हाला आणून टाकतात, कुणी पैसे घेत नाही. तो म्हणाला, "ताई, हा लोकसहभाग आहे, बाजारभावाने लिहा." आम्ही फुकटात खात होतो, ते संस्थेचा वाटा म्हणून बजेटात आलं. तोवर मला हा माणूस देवाने पाठवला असंच वाटत होतं.

मग पहिला मसुदा आला.

५२ पानं, स्पायरल बाइंडिंग. मुखपृष्ठावर हसरी मुलं, पण आमची नाहीत. मागे नारळाची झाडं. ठीक आहे, म्हटलं, फोटो बदलता येतो. पान १४ वर "कोकणातील डोंगराळ भागातील बालकांना" असं वाक्य निघालं. तेही बदलता येतं. पण आठवड्याचा आहार ज्या पानावर होता ते पान मी स्वयंपाकीण मावशींना वाचून दाखवलं आणि त्या हातातली पळी ठेवून हसायला लागल्या. सोमवारी नाचणीचा डोसा. मंगळवारी ओट्सची खीर. बुधवारी ब्रोकोली घातलेला पुलाव. शुक्रवारी सफरचंद. "ताई, हाई ब्रोकोली काय भानगड शे?" मी म्हटलं, फुलकोबीची श्रीमंत बहीण.

नागलीला, म्हणजे नाचणीला, मी नावं ठेवत नाही. नवापूर-पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यात ती होते आणि तिथल्या घराघरांत खाल्ली जाते. आमच्या काळ्या मातीत होते ज्वारी, उडीद, मूग, भुईमूग. आमच्या पोरांच्या घरी भाकरी असते ती कळण्याची. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून मीठ घालून दळलेलं पीठ, साधारण चार वाट्यांना एक वाटी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तो उडदातून भरून निघतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी देते. आमच्या आज्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण जात्यात बरोबर घातलं. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे साधारण २०० उष्मांक आणि सात ग्रॅमच्या वर प्रथिनं. सोबत दाण्याची चटणी आणि वर तेलाची धार. तीन वर्षांचं पोर अर्धी-पाऊण भाकरी सहज खातं. सरकारी पूरक आहाराचं सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं दिवसाचं प्रमाण आहे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. प्रस्तावात हे एक वाक्य असतं तर कंपनीवाल्यांनाही बरं वाटलं असतं. त्याऐवजी ओट्स.

हे झालं हसण्यावारी. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

एक ते तीन वर्षांच्या मुलांना "मूठभर भाजलेले शेंगदाणे" लिहिले होते. अख्खा दाणा एवढ्या पोराच्या श्वासनळीत अडकला तर चोपड्याला पोचेपर्यंत काय होईल? आमच्याकडे दाण्याचा कूटच होतो, लाडू नाहीतर चटणी. पाळणाघरात एक दिवस जरी काढला असता तरी हे लिहिलं गेलं नसतं.

बजेटात जंताच्या गोळ्या आणि लोहाचं सिरप विकत घ्यायला ३८,००० रुपये धरले होते. अहो, अल्बेंडाझोल १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी फुकट मिळतं. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण. लोहाचं सिरप ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात आशाताई देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली. जे सरकार देतं ते कंपनीच्या पैशांतून परत विकत घेतलं की कुठलाही जाणकार अधिकारी प्रस्ताव तिथेच मिटवतो. त्यापेक्षा आशाताईंच्या फेरीच्या दिवशी आमची पोरं जागेवर असतील, एवढी व्यवस्था लिहायची. तिला पैसे लागत नाहीत.

"सहयोगी संस्था" या मथळ्याखाली एका बेबी फूडच्या वितरकाकडून मोफत डबे मिळतील असंही होतं. मी पेनाने मोठी फुली मारली. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद दुधा-अन्नाचे मोफत नमुने वाटायला आणि त्याची जाहिरात करायला बंदी आहे. आपण स्तनदा मातांना दुपारी येऊन अंगावर पाजता यावं म्हणून कोपऱ्यात पडदा लावतो, आणि प्रस्तावात डबे! त्या पोराला मी विचारलं तर म्हणाला, "टेम्प्लेटमध्ये होतं." खरं बोलला, एवढं बरं.

आणि आकडे. "सद्यःस्थिती" या पानावर लिहिलं होतं की आमच्या केंद्रातली ३५.२ टक्के मुलं खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आहेत. मला आकडे ओळखीचे वाटले. घरी येऊन पाहिलं, तर ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले, अख्ख्या महाराष्ट्राचे! ४४ पोरांत ३५.२ टक्के म्हणजे साडेपंधरा पोरं. त्या अर्ध्या पोराला आम्ही कुठून आणायचं?

मग आम्हीच मोजलं. सेविकाताईंनी वजनकाटा आणि उंची मोजायची पाटी दिली, उपकेंद्रातून दंडाची पट्टी आणली. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरखाली म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन दिवस लागले, कारण पावरा पोरं काटा पाहिला की आईच्या लुगड्यात शिरायची आणि आई नसेल तर माझ्या. तीव्र दोन निघाली, मध्यम सात. त्या दोघांना तिसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेलं. प्रस्तावाचं जाऊ द्या, मोजलं नसतं तर आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हाला ती दिसली नसती. त्यातली एक पोरगी तर सगळ्यांत हसरी. या दोन दिवसांचं श्रेय सेवेला द्यायचं की नाही, मी अजून ठरवलेलं नाही. त्यांच्या चुकीमुळे मोजलं, एवढं खरं.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. प्रस्तावाच्या शेवटी "अपेक्षित परिणाम" होता: एप्रिलमध्ये मोजलेली ४४ मुलं पुढच्या मार्चमध्ये परत मोजायची आणि त्यांतल्या ८० टक्क्यांचं वजन सामान्य श्रेणीत आणायचं. वाचायला झकास. पण सालदाराचं वर्ष एप्रिल-मार्च नसतं, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, असतं. आखाजीला हिशेब होतो, कुणी त्याच मळ्यात राहतं, कुणी दुसऱ्या गावी जातं, कुणी परत डोंगरात. आखाजी येते एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेमध्ये. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला मोजलेली निम्मी पोरं महिन्याभरात गेलेली आणि त्यांच्या जागी नवी आलेली! होळीला तर सगळं पाळणाघरच डोंगरात जातं, पंधरा दिवस कुणी फिरकत नाही. हे माहीत नसताना जो परिणाम लिहिला तो वर्षाच्या शेवटी आम्हाला खोटा लिहावा लागला असता. आणि एकदा खोटं वजन लिहायची सवय लागली की वजनकाट्याची गरजच उरत नाही.

मी हे ऑफिसात जाऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या साहेबांनी, ते पहिल्यांदाच भेटले, मला समजावलं की फंडरला एवढं खोलात नको असतं. मी म्हटलं, मग मला उथळ फंडर नको. जरा जास्तच झालं असेल. पण तो पंचवीस-सव्वीसचा पोरगा मागे बसून लिहून घेत होता. त्यानेच दुसऱ्या दिवशी फोन करून मार्ग काढला: पहिलं मोजमाप आखाजीनंतर दोन आठवड्यांनी, शेवटचं होळीच्या आधी. जे मूल मध्ये आलं त्याचं त्या दिवशी, जे गेलं त्याचं शेवटचं वजन कार्डावर लिहून कार्ड आईच्या हाती. परिणाम मोजायचा तो निदान सहा महिने राहिलेल्या मुलांचा. साधं आहे, पण मला सुचलं नव्हतं. म्हणून म्हणते, माणसं वाईट नाहीत तिथली. टेम्प्लेट वाईट आहे.

अंगणवाडीच्या आहाराशी आमचा आहार दुबार होतो का, हा प्रश्न कंपनी विचारणार हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, उत्तर मात्र गुळमुळीत लिहिलं होतं. आम्ही सरळ लिहिलं: तीन वर्षांवरची मुलं दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतच जेवतील, आमची मदतनीस त्यांना नेईल-आणेल. आम्ही देणार सकाळी आठचा नाश्ता आणि चारचं खाणं. दोन वर्षांखालच्यांना मऊ मुगाचं खिचडं, तूप घालून, थोडं थोडं तीन वेळा. अंडं आठवड्यातून तीनदा. ज्यांच्या घरी माळकरी किंवा महानुभाव आहेत त्यांना दाण्याच्या कुटाचा लाडू. अंगणवाडीत सरकारचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरला तो २०१७ साली. एका अंड्यातच त्याचा फडशा पडतो. आमच्या खाण्याचा हिशेब मावशींनी किराणावाल्याच्या यादीवरून केला तो २२ रुपये आला, केळी सोडून. ४४ मुलं, महिन्याचे २६ दिवस, वर्षाचे ३ लाख २ हजार. हा आकडा मी कुणालाही, कुठल्याही दिवशी, पावतीसह सांगू शकते. त्यांच्या बजेटातला "पोषण जनजागृती ॲप, २ लाख १० हजार" हा आकडा मला कुणी विचारला असता तर मी पाणी प्यायला उठले असते.

असं कापत कापत ११ लाख ४० हजारांचं बजेट साडेसहा लाखांच्या आत आलं. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, वजनकाटा ठेवले; ॲप, फ्लेक्स आणि "तज्ज्ञांचा प्रवासखर्च" गेला. पानं ५२ वरून २३. वेळही बदलली, त्यांनी दहा ते पाच लिहिली होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बाया पहाटे सहाला निघतात आणि अकराला परततात. उन्हाळ्याची वेळ वेगळी, वेचणीची वेगळी.

कंपनीचे दोघे पाहायला आले ते डिसेंबरात, ऐन वेचणीत. त्यांतल्या एका बाईंनी फाइल बाजूला ठेवून पोरांच्या पंगतीत बसून कळण्याची भाकरी मागून घेतली. वजनाची कार्डं चाळली, गेलेल्या मुलांची कार्डं कुठे ते विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या आयांकडे. त्यांनी मान डोलावली आणि काही लिहिलं. एका वर्षासाठी ६ लाख मंजूर झाले.

तर कुणी ही सेवा घ्यावी का? नोंदण्या, ऑडिट, अर्जाचे रकाने, खर्चाची शीर्षकं यात तुम्ही अडला असाल तर जरूर घ्या, ३०,००० वसूल होतात. खर्चाचा तिमाही अहवाल कसा भरायचा हेही त्यांनी नंतर फोनवर तीनदा समजावलं, न कंटाळता. फक्त पहिला मसुदा यायच्या आधीच तुमच्या मुलांची वजनं, आठवड्याचा आहार, गावच्या कामाचं वर्ष आणि सरकारकडून काय काय मिळतं ते तुमच्या हाताने चार पानांवर लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवा. नाहीतर नारळाची झाडं येतील. आणि त्यांच्यातलं कुणी तरी एक दिवस तुमच्या केंद्रात येऊन बसेल असं करारात लिहून घ्या. आमच्याकडे तो पोरगा आला तो मंजुरीनंतर, पेढे घेऊन. दोन वर्षांच्या एका पावरा पोरीने त्याच्या चष्म्याला भाकरीचा हात लावला, तर तसाच बसून राहिला बराच वेळ.

राहिले दोन स्टार. एक गेला ब्रोकोली, शेंगदाणे आणि डब्यांपायी, तो काही परत येणार नाही. दुसऱ्याचं अजून त्यांच्या हातात आहे. दुसऱ्या हप्त्याचे १५,००० मी चेकने दिले त्याला चार महिने झाले, पावती आलेली नाही आणि आमचे सीए रोज माझ्या नावाने शंख करतात. पावती पाठवा, चौथा देते.